मेथीबरोबर अर्धं कोडं

हडपसरात सुवर्णमळा हाइट्स नावाची सात इमारतींची सोसायटी आहे. तिथे सुवर्ण नाही, मळाही नाही. हाइट मात्र भरपूर आहे. या सोसायटीच्या गेटाबाहेर उंबराच्या झाडाखाली शालूबाई भाजी घेऊन बसतात, आणि त्यांच्याकडून मेथीची जुडी घेतली की सोबत अर्धं सोडवलेलं शब्दकोडं मिळतं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हापासूनची ही गोष्ट. शालूबाई किलोवर रद्दी आणून तिच्यात भाजी बांधू लागल्या. बांधता बांधता डोळा कोड्यावर पडला. एका चौकटीत एक अक्षर, वर ‘आजचा विषय’ म्हणून एक नाव, खाली आडव्या-उभ्या शब्दांच्या खुणा. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि पुढे शिकायचं राहून गेलं याची चुटपुट सत्तरी ओलांडली तरी त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. त्यांनी नातवाच्या दप्तरातली पेन्सिल उचलली, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात कोडं भरायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात फजिती झाली. पानाच्या तळाशी ‘उत्तर’ छापलेलं असतं, ते याच कोड्याचं असं त्या समजल्या. चौकटीही जुळेनात आणि आकडेही. तेव्हा बाईंनी स्वतःला दोष दिला नाही, पेपरवाल्यांनाच मूर्खात काढलं. ते उत्तर कालच्या कोड्याचं असतं हे पुढे कोणीतरी सांगितलं, पण त्याने फार फरक पडला नाही. किलोवरच्या रद्दीत सोमवारच्या पाठीमागे मंगळवार येत नाही. मागच्या श्रावणातला शुक्रवार येतो. आणि नेमका हवा तो अंक कधी निघालाच, तर त्यातल्या उत्तरावर कोणाची तरी कोथिंबीर बांधून गेलेली असायची. त्यामुळे आपलं कोडं बरोबर आलं की चूक, हे शालूबाईंना आजवर एकदाही कळलं नव्हतं.

त्यांचे नियम दोन. पहिला, पानाची पाळी आली की पान जाणार. एक चौकट राहिलेली असो नाहीतर दहा. गिऱ्हाईक खोळंबून ठेवायचं नाही. दुसरा नियम जास्त कडक होता.

“उत्तर सांगायचं न्हाय. उकल सांगायची.”

म्हणजे शब्द कशाला म्हणतात, ती वस्तू कशी दिसते, कुठे असते, काय करते हे समजावून सांगायचं. शब्द शालूबाई आपला आपण काढणार. एखाद्या अतिहुशाराने घाईघाईत शब्द सांगून टाकला, तर त्याच्या वाट्याला त्या दिवशी किडकी वांगी येत. मुद्दाम नव्हे, पण बाई निवडायला मदत करत नसत.

क्रिकेटचा विषय आला तेव्हाची उकल अजून सोसायटीत सांगतात. बी विंगमधली तनुजा, आयटीतली मुलगी, घाईत लिंबं घ्यायला उतरली होती आणि सापडली. “फलंदाजाच्या थेट पायाशी पडणारा चेंडू. तीन अक्षरं. सांग बाई उकल,” शालूबाईंनी पुठ्ठा पुढे केला.

“आजी, माझी मीटिंग आहे.”

“असू दे की. मला कुठं घाई हाय?”

तनुजाने शेवग्याच्या तीन शेंगा जमिनीत खोचल्या. शालूबाईंच्या हातात मुळा दिला. चार पावलं मागे जाऊन लिंबू टाकलं, ते नेमकं बाईंच्या चपलेपाशी पडलं.

“अगं, पायात कशापायी टाकतीस? माझी-तुझी दुश्मनी हाय का?”

“आजी, तोच पॉइंट आहे! बॅट्समनला काही करताच येत नाही.”

“आन् मग तो दांडीच उडवतो व्हय? थांब. आमचं नातू टीव्हीपुढं बोंबलतंय बघ...” बाईंनी डोळे मिटले. मग मुळा आपटून ओरडल्या, “यॉर्कर!”

तनुजाची मीटिंग बुडाली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पाच मिनिटं आधी खाली येऊ लागली.

दुसरं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे वैजनाथराव. एसटीत अंबाजोगाई डेपोला तीस वर्षं कंडक्टर, आता मुलाकडे ई विंगमध्ये नवव्या मजल्यावर. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली तरी लिफ्टमध्ये शिरताना ते “पुढं सरका” म्हणायचे. मराठी पेपर घेणारं अख्ख्या सोसायटीत त्यांचं एकच घर असावं. कोड्याची बैठक लागली की पोत्यावर बसून ते उकल सांगत. ‘समुद्र’ हा विषय आला तेव्हा मात्र दोघांचीही बोट अडकली. भरती आणि ओहोटी ना बाईंनी पाहिलेली, ना कंडक्टरांनी.

“पानी माघारी जातं म्हणं,” वैजनाथराव म्हणाले.

“कुठं जातं?”

“आता ते काय सांगून जातंय का, शालूताई?”

ते पान अर्धा किलो गवारीबरोबर तसंच गेलं. तीन दिवसांनी कोणी रत्नागिरीकडच्या बाई ते चुरगळलेलं पान घेऊन परत आल्या आणि त्यांनी जमिनीवर पाणी ओतून सगळं समजावलं. असं चालायचं. पान जायचं, माणूस परत यायचा.

आता खरी अडचण सांगायला हवी. शालूबाईंना भाजी विकायची गरज नव्हती. ज्या जमिनीवर या सात इमारती उभ्या आहेत ती जमीन त्यांचीच होती. सोसायटीच्या मागे त्यांचा बंगला आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि त्यांचा मुलगा पृथ्वीराज बांधकामाच्या धंद्यात चांगलं नाव राखून आहे. त्याची आई मात्र सकाळी मांजरी गावच्या बाजारातून भाजी आणून गेटापाशी पोतं अंथरते. लोक काय बोलणार ते बोलतच होते. ‘पोराने कोटी कमावले आणि आई रस्त्यावर,’ हे वाक्य पृथ्वीराजने बँकेत ऐकलं, लग्नात ऐकलं, एकदा तर सलूनमध्ये तोंडाला साबण लागलेला असताना ऐकलं.

पृथ्वीराज वाईट नव्हता. आईच्या गुडघ्यासाठी त्याने तीन डॉक्टर केले. पण आई आपल्याला लाज आणायलाच तिथे बसते, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी जमीन दिली तेव्हा आई एका शब्दाने बोलली नव्हती. वडिलांनी, भैरूअण्णांनी, सह्या केल्या. विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी आई एकटीच गेली, विहिरीची खणा-नारळाने ओटी भरली, आणि परत येऊन दोन दिवस जेवली नाही. त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही. आठ वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांचे दिवस संपले आणि पुढच्याच आठवड्यात आईने गेटाबाहेर पोतं अंथरलं.

यंदा पृथ्वीराजच्या मुलीचं स्थळ जमत आलं होतं. पाहुणे दसऱ्यानंतर घरी येणार होते, आणि बंगल्याचा रस्ता गेटावरूनच जात होता.

“आई, बास आता. दसऱ्यापासून बंद,” तो म्हणाला. “मी आजवर कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही.”

हे खरं होतं. शालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा झालेला, पोट सुटलेलं, हनुवटीवर लहानपणचा व्रण, आणि बोलताना तोच खालचा ओठ बाहेर. त्यांना त्याची दया आली.

“बरं,” त्या म्हणाल्या.

बरं म्हणून बसल्या खऱ्या, पण त्या रात्रीपासून त्यांच्या जिवाला घोर लागला. घरी बसून करायचं काय? आणि भाजीचं सोडा, ती जागा? जागेबद्दल त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या. गिऱ्हाइकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की दसऱ्यापासून मेथी दुसरीकडून घ्यायची. तनुजाला वाटलं आजी थट्टा करतायत. वैजनाथराव नवव्या मजल्यावर निघून गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी आठच्या सुमारास वैजनाथराव धावत खाली आले. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात घडीही न मोडलेला पेपर.

“शालूताई! हे घ्या. आजचा हाय. ताजा.”

“फुकटचं नको, भाऊ. माझी रद्दी हाय.”

“फुकट कामून? मेथी द्या की एक जुडी. पर आधी विषय बघा.”

शालूबाईंनी चष्मा लावला. कोड्यावर छापलं होतं: ‘आजचा विषय – मोटेचं पाणी’.

त्या बराच वेळ नुसतं ते नाव वाचत बसल्या. मग त्यांनी पेन्सिल दातांनी टोकरली आणि भरायला घेतलं. विहिरीतून पाणी काढायची बैलांची मोट. इंजिन आलं आणि ती गेली, हे ऐकून माहीत असणारेही आता थोडे. ‘मोट ओढणारा जाड दोर’ – नाडा. ‘बैलांची उताराची वाट’ – धाव. ‘मोटेचं नळीसारखं तोंड’ – सोंड. ‘पाणी रानात नेणारी चारी’ – पाट. हात थांबत नव्हता. वैजनाथराव आनंदाने बघत होते, कारण त्यांना यातलं निम्मंच येत होतं.

साडेनऊला तनुजा उतरली. तिने पुठ्ठ्यात डोकावून पाहिलं. “आजी, हे मराठीच आहे ना? मला एकही शब्द कळत नाहीये.”

“मग बस. आज मी उकल सांगती.”

शालूबाईंनी लाल भोपळा मधोमध ठेवला. ती मोट. त्याच्या पुढे पडवळ ठेवलं, ती सोंड. जुड्या बांधायची सुतळी भोपळ्याला बांधली, तो नाडा, आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला दोन वांगी, ते बैल. “बैल उताराला चाललं की मोट वर येती. मोट रिकामी झाली की बैल माघारी. पन वळायचं न्हाय, उलट्या पावलांनी.”

“रिव्हर्समध्ये? चढावर?”

“व्हय. तुमच्या पार्किंगमधल्या लोकांपेक्षा बरं येत हुतं त्यांना.”

गेटावरचा वॉचमन हसला. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या गुडघ्यावर हात दाबून उठल्या आणि वॉचमनच्या केबिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “ही केबिन हाय ना, ही हिरीच्या तोंडावर हाय. हितनं धाव सुटायची.” आणि त्या चालू लागल्या. स्पीडब्रेकर ओलांडला, फुलांच्या कुंड्या मागे टाकल्या, मोठ्याने पावलं मोजत क्लबहाउसच्या पायरीपर्यंत गेल्या. “बेचाळीस. हितं बैल थांबायचं. आमचं धनी नाड्यावर बसून गानं म्हनायचं. लई बेसूर. बैल बिचारं ऐकून घ्यायचं.” मग बाई तिथून खरोखरच उलट्या पावलांनी दोन पावलं मागे आल्या, आणि तनुजाने धावत जाऊन त्यांचा हात धरला. ती या सोसायटीत चार वर्षं राहत होती. आपण रोज धावेवर गाडी लावतो हे तिला त्या दिवशी कळलं.

पुन्हा पोत्यावर बसल्यावर कोडं झरझर संपत आलं. राहिला एक उभा शब्द. ‘मोटेचं पाणी प्रथम पडतं ती जागा. तीन अक्षरं.’ मधल्या चौकटीत ‘रोप’ या आडव्या शब्दातलं ‘रो’ आपसूक बसलेलं होतं. वरची-खालची चौकट कोरी होती.

“हे तर सोपं हाय की, शालूताई! लिहा, था–”

“भाऊ!” बाईंनी असा डोळा वटारला की तीस वर्षं एसटीत काढलेला माणूस गप्प झाला. “ते राहू द्या.”

पहिला नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. पानाची पाळी चार वेळा आली, गेलं मात्र नाही. बाईंनी ते पोत्याखाली घातलं आणि त्यावर बसून राहिल्या. एकाला तर कारली रुमालात बांधून दिली.

सहा वाजता पृथ्वीराजची गाडी आली. आईचं सामान स्वतः उचलायचं, असं त्याने ठरवलं होतं. निदान शेवटच्या दिवशी तरी. तो उतरला, तराजू उचलायला वाकला, तेवढ्यात आईने पुठ्ठा पुढे केला.

“एक राहिलंय. भर.”

“आई, घरी जाऊन बघू. लोक बघतायत.”

“आठ वर्षं बघत्यात. आजच काय?”

तो नाइलाजाने पोत्याच्या कडेवर टेकला. इस्त्रीच्या पँटला कोथिंबिरीची माती लागली. त्याने खूण वाचली. “मला कसं येणार? मोट माझ्या वेळेला नव्हतीच.”

“हुती. तू वर्साचा हुतास. मी उकल सांगती, शब्द तू काढ.” शालूबाई समोर बघत बोलू लागल्या. “मोट वर आली की सोंडंतनं पानी भदाभदा पडायचं. दगडाची बांधीव जागा, गुडघाभर खोल. तितनं पाटात जायचं. मी सकाळी धुनं घेऊन जायची, आन् तुला तितं बसवायची. वरनं पानी आलं की तू असा खिदळायचास. मोट खाली गेली की भोकाड पसरायचास. तुझं वडील तुझ्यापायी बैल दमस्तवर पळवायचं. दोन मोटंच्या मधी पोरगं रडतंय म्हनून.”

पृथ्वीराजने पुठ्ठा मांडीवर घेतला.

“एक दिस तू उठून उभा ऱ्हायलास. तुझं पहिलंच उभं ऱ्हानं. म्या बघीस्तवर पाय घसरला आन् दगडावर आपटलास.”

त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला. हा व्रण कशाचा, असं लहानपणी शाळेत कोणीही विचारलं की तो एक वाक्य पाठ म्हणून दाखवायचा. त्या वाक्यातल्या एका शब्दाचा अर्थ त्याला कधी माहीत नव्हता, आणि त्याने कधी विचारलाही नव्हता.

“थारोळ्यात पडलो होतो,” तो हळूच म्हणाला. मग पेन्सिल घेऊन त्याने वर ‘था’ लिहिलं आणि खाली ‘ळं’.

“आई, पण ते होतं कुठे? विहीर केबिनखाली, मग थारोळं...” त्याने गेटाकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं, विहिरीच्या काठचा म्हणून कोणी तोडायला धजला नव्हता त्या उंबराकडे पाहिलं.

“आन् मी कुठं बसली हाय?” शालूबाई म्हणाल्या.

तो उठला नाही. लोक भाजीला येऊन गेले, वैजनाथरावांनी दोन गिऱ्हाइकांना परस्पर मिरच्या दिल्या, तरी तो आईशेजारी पोत्यावर तसाच बसून होता. आठ वर्षं आपल्याला जे वाटत होतं ते आठवून त्याला मान वर करवेना. शालूबाईंनी त्याच्या पँटवरची माती दोनदा झटकली. ती निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. पृथ्वीराज सकाळीच गाडीतळाच्या बाजारात गेला आणि झेंडू, आपट्याची पानं आणि मराठी पेपर घेऊन आला. त्याच्या घरात इंग्रजी पेपर यायचा आणि तोही बहुधा घडी न मोडता रद्दीत जायचा. त्याने आईला सोनं दिलं, पाया पडला आणि दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. शालूबाई आपल्या पानावरचा एकेक शब्द वाचत होत्या, तो छापलेल्या उत्तरात बोट ठेवून “बरोबर” म्हणत होता. आडवे सगळे बरोबर. उभे सगळे बरोबर. शेवटच्या शब्दाला त्याने जरा मोठ्यानेच “बरोबर” म्हटलं, आणि शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं कोडं बरोबर आल्याचं कळलं होतं.

“पाहुण्यांना मी गेटावर थांबवूनच आणतो,” पृथ्वीराज पेपरची घडी घालत म्हणाला. “तिथेच भेट त्यांना.” मग थोडा घुटमळला. “आणि उद्या माझ्यासाठी एक कोडं राखून ठेव. सहाला येतो मी.”

शालूबाईंनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि त्याच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं.

“राखून बिखून ठेवायची न्हाय. मेथीला कुनी आलं की पान जानार. वेळंवर यायचं.”